खजिनदार कोण?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



विषय 'राष्ट्रीय युवा धोरण', आणि पहिल्या पाच रांगांत बसलेत सगळे एसटीच्या सवलतीचे लाभार्थी. (हशा) मीही त्यातलाच. तरुण मंडळी मागे दाराजवळ उभी आहेत. व्याख्यान रंगलं नाही तर सटकता यावं, एवढाच हेतू. शहाणी आहेत.

धोरणाचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. 1985 हे आंतरराष्ट्रीय युवा वर्ष; त्याच वर्षापासून विवेकानंद जयंती आपण युवा दिन म्हणून पाळतो. पहिलं धोरण 1988 चं, दुसरं 2003 चं, तिसरं 2014 चं. पुढच्याचा मसुदा 2022 मध्ये सूचनांसाठी लोकांपुढे आला. झालं.

आता युवक कोणाला म्हणायचं? 2003 चं धोरण 13 ते 35 म्हणत होतं, 2014 चं 15 ते 29 म्हणतं. संयुक्त राष्ट्रांची आकडेवारी 24 लाच थांबते, आफ्रिकेची युवा सनद 35 पर्यंत जाते. म्हणजे आपल्याकडचे तेहतीस वर्षांचे युवक 2014 साली एका रात्रीत प्रौढ झाले. राजकीय पक्षांच्या युवक आघाड्यांनी मात्र ही बातमी अजून मनावर घेतलेली नाही. (हशा, टाळ्या)

गमतीचा भाग सोडा. पंधराव्या वर्षी शाळा सुटण्याची भीती असते, एकोणतिसाव्या वर्षी स्वतःच्या मुलाच्या शाळाप्रवेशाची चिंता असते. दोघांना एकाच योजनेत बसवलं की ती कोणालाच नीट बसत नाही. धोरणालाही हे कळतं. म्हणून त्यात पाच उद्दिष्टं आणि अकरा प्राधान्यक्षेत्रं आहेत. शिक्षण, रोजगार, उद्योजकता, आरोग्य, खेळ... यादी मोठी आहे, वाचून दाखवत नाही.

या सगळ्यामागे तीन कल्पना आहेत. पहिली, लोकसंख्येचा लाभांश. जन्मदर उतरला, घरात मुलं कमी झाली, म्हातारे अजून फार वाढलेले नाहीत. अशा काळात कमावणाऱ्यांचं प्रमाण जास्त राहतं आणि देशाच्या हातात पैसा उरतो. हा काळ कायमचा नसतो, केरळ आणि तमिळनाडूत तो आधी ओसरतो आहे. हिशेब बरोबर आहे. पण त्यात तरुण म्हणजे फक्त हात. किती हात, कुठलं कौशल्य, किती उत्पादन, एवढंच मोजलं जातं.

दुसरी कल्पना सकारात्मक युवा विकासाची. आधीचा विचार तरुणाकडे अडचण म्हणून बघायचा: व्यसन, बेकारी, दंगल. नवा विचार विचारतो, याच्यात बळ काय आहे, आणि ते वाढायला कुठली जबाबदारी हवी, जवळ कुठला भरवशाचा मोठा माणूस हवा.

तिसरी सहभागाची. रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने 1992 मध्ये युनिसेफसाठी आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्याने ती मुलांसाठी लिहिली, पण लागू सगळ्यांना पडते. खालच्या तीन पायऱ्या म्हणजे वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं बोलावणं. या तिन्हींना तो सहभाग मानतच नाही. आता आपली युवा दिनाची रॅली आठवा. फेटे बांधलेल्या मुली, हातात फलक, उन्हात दोन तास पाहुण्यांची वाट. ही कुठली पायरी, मी सांगायला नको.

मला आठ पायऱ्या लक्षात राहत नाहीत. युवकांचा कुठलाही कार्यक्रम दिसला की मी एकच प्रश्न विचारतो: खजिनदार कोण? उत्तरात पंचवीस वर्षांखालचं नाव आलं तर तो युवकांचा कार्यक्रम. नाही आलं, तर तो युवकांकडून करून घेतलेला कार्यक्रम.

हे खूळ डोक्यात कसं शिरलं, ते थोडक्यात सांगतो. (एक आवाज: थोडक्यात!) हो, थोडक्यातच.

राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली 24 सप्टेंबर 1969 ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सदतीस विद्यापीठांत. वर्षाला 120 तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. मी काही वर्षं कार्यक्रम अधिकारी होतो. एकदा माण तालुक्यात शिबिर होतं, वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळूने भरायच्या, तोंडं शिवायची, ओढ्यात रचायच्या. किराणा, भाजी, दूध, गॅस ही खरेदी नेहमी आम्ही प्राध्यापकच करायचो. त्या वर्षी मी ती एस. वाय. कॉमर्सच्या एका मुलीकडे सोपवली.

पहिल्याच दिवशी भाजीवाल्याने कॅलेंडरच्या फाटक्या कागदावर बिल लिहून दिलं. तिने ते परत केलं. म्हणाली, "मामा, हे ऑडिटला चालत नाही." मग तिथेच वहीचं पान फाडून तिने व्हाउचर केलं: तारीख, माल, वजन, दर, आणि खाली मामांची सही. मामा म्हणाले, "पोरी, लग्नातसुद्धा एवढ्या जपून सही केली नव्हती." (हशा)

तिसऱ्या रात्री मुलांनी गाऱ्हाणं मांडलं. गोण्या उचलून कंबर मोडते, दुपारी चार वाजता तिसरा चहा हवाच. मी असतो तर 'बघू' म्हणालो असतो. तिने वही उघडली. तिसऱ्या चहाला रोज इतकं दूध, इतकी साखर; पैसे हवेत तर शेवटच्या दिवशीचा शिरा बंद. मग अशी काही चर्चा झाली की काय सांगू! तीन दिवसांत बौद्धिकाला तोंड न उघडलेला एक मुलगा उठला आणि विचारू लागला, शिऱ्याला तूप किती धरलंय? हात वर करून मतं घेतली. चहा जिंकला, शिरा हरला. पोलीस पाटलांनी दूध फुकट द्यायची तयारी दाखवली, तर तिने तेही किंमत लावून देणगी म्हणून जमेला धरलं.

माझा मुद्दा पुढे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मुलं सरपंचांना विचारू लागली: बंधारा इथेच का? वर का नाही? पाणी कोणाच्या विहिरीला उतरणार? चहाचा हिशेब समजलेल्यांनी बंधाऱ्याचाही हिशेब मागितला. सरपंचांना तासभर उभं राहून उत्तरं द्यावी लागली. धोरणातलं 'शासनात सहभाग' हे प्राधान्यक्षेत्र मी त्या ओढ्यात पाहिलं.

(चिठ्ठी येते.) सचिव लिहितात, 'दहा मिनिटे'. अजून निम्मं टिपण शिल्लक आहे. बरं.

आक्षेप मला माहीत आहे; पुढच्या रांगेत कुजबुज सुरूच आहे. 'पोरं पैसे खातील.' मोठ्यांनी पैसे खाल्ल्याच्या बातम्या आपण रोज चहाबरोबर वाचतो, तरी कोणी म्हणत नाही की चाळिशीच्या वरच्यांकडे खजिना देऊ नका. (टाळ्या) तरुणांना डोक्यावर बसवा असं मी म्हणत नाही. दोन सह्या ठेवा, हिशेब दर महिन्याला फलकावर लावा, तपासनीस ज्येष्ठ असू द्या. आपल्या गणेशोत्सव मंडळांनी पावतीपुस्तकावर कित्येक पिढ्या घडवल्या, हे या सभागृहातल्या निम्म्या लोकांना स्वतःवरून ठाऊक आहे.

कायद्याने तर भरवसा कधीच टाकला. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने 1989 पासून अठराव्या वर्षी मत दिलं. एकविसाव्या वर्षी मुलगी सरपंच होऊ शकते, ग्रामपंचायत अधिकाऱ्यासोबत गावाच्या चेकवर सही करू शकते. आणि त्याच वयाची मुलगी कॉलेजच्या गॅदरिंगच्या मांडववाल्याला हजार रुपये द्यायचे तर सरांना शोधत फिरते!

अमेरिकेतल्या बोस्टन शहराने 2014 मध्ये भांडवली खर्चातले दहा लाख डॉलर 12 ते 25 वयाच्या मुलांच्या मतावर सोडले. मुलांनी काय मागितलं? उद्यानांची दुरुस्ती, पदपथ, शाळांसाठी संगणक. आपल्या नगरसेवकांच्या यादीपेक्षा वेगळं काही नाही; फरक एवढाच की प्रत्येक कामाचा खर्च मुलांना माहीत होता.

आपल्याकडे 2023 पासून 'मेरा युवा भारत' हे केंद्र सरकारचं व्यासपीठ आहे. लाखो तरुण नाव नोंदवतात, उत्तम आहे. स्वयंसेवक म्हणून नोंदवलेल्या त्या नावांपैकी खर्चाच्या निर्णयात किती जण बसतात, हे कोणीतरी विचारत राहिलं पाहिजे.

दुसरी चिठ्ठी. मानसिक आरोग्य, स्थलांतर, स्पर्धा परीक्षांत अडकलेली वर्षं, सगळं टिपणात राहिलं. क्षमस्व. सचिव घड्याळ दाखवताहेत, म्हणून शेवटचं त्यांच्यासाठीच. पुढच्या वर्षीच्या सात संध्याकाळींपैकी एक दाराजवळ उभ्या असलेल्या मंडळींना द्या. विषय त्यांचा, वक्ता त्यांचा, आणि मुख्य म्हणजे मानधनाचे पैसे त्यांच्या हातात. जमाखर्च त्यांनी इथेच वाचून दाखवायचा. वक्ता चुकीचा निघाला तर काय होईल? एक संध्याकाळ फुकट जाईल. तो धोका तर तुम्ही आज माझ्यावरही पत्करलात! (हशा, टाळ्या)