हजेरीपटाबाहेरचे कामगार



सन २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. करोनाच्या साथीत पुकारलेल्या देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. पंचांग आणि सरकारी आदेश यांची ही गाठ इतरांना योगायोग वाटली असेल; तमाशाच्या फडांना मात्र ती वर्षाच्या भाकरीवर पडलेली धाड होती. फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास परततो. या सात महिन्यांतील खरी कमाई होते ती पाडव्यानंतरच्या चैत्र-वैशाखात, गावोगावच्या जत्रांत. जत्रांच्या सुपाऱ्यांचा हंगाम ज्या दिवशी उभा राहावयाचा, त्याच दिवशी गावांच्या वेशी बंद झाल्या. पांझरेच्या काठी धुळ्याची एकवीरा देवीची यात्रा भरली नाही, अमळनेरला बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांच्या यात्रेची गर्दी दिसली नाही आणि डिसेंबर उजाडला तरी सारंगखेड्याच्या दत्तयात्रेतील घोडेबाजार व करमणुकीचे तंबू यांना जागा मिळाली नाही.

भुसावळमध्ये हा शुकशुकाट दुहेरी होता. मुंबईहून येणारा लोहमार्ग येथे फुटतो. एक फाटा नागपूरकडे, दुसरा खंडव्याकडे जातो. पाळीवरून सुटलेला कामगार, गाडीची वाट पाहणारा प्रवासी आणि बाजाराला आलेला रावेर-यावलचा शेतकरी यांच्या जिवावर या गावाची संध्याकाळ उभी असते. अमरदीप, वसंत, पांडुरंग ही टॉकीजांची नावे येथील पत्त्यांत मिसळून गेलेली आहेत. मार्चच्या मध्यास चित्रपटगृहे बंद झाली आणि २२ मार्चपासून प्रवासी गाड्या थांबल्या. दारावरचा तिकीट फाडणारा, यंत्रावर बसणारा ऑपरेटर, बाहेर शेंगदाणे-भजी विकणारा आणि फलाटावरचा हमाल, सगळे एकाच आठवड्यात रिकामे झाले.

बंदी घातली हे चूक होते, असे कोणी म्हणू नये. २०२० च्या उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यातील मृत्यूंचे प्रमाण साऱ्या राज्याच्या चिंतेचा विषय झाले होते. हजारो माणसे खांद्याला खांदा लावून बसतील असा तंबू त्या काळात उभा राहू देणे म्हणजे मरणाला आमंत्रण देणे होते. प्रश्न वेगळा आहे. समाजाच्या हितासाठी ज्याचे काम बंद केले, त्याच्या चुलीची जबाबदारी समाजाने घेतली काय?

या प्रश्नाचे उत्तर भुसावळमध्येच शेजारी-शेजारी पाहावयास मिळाले. गाड्या थांबल्या, तरी रेल्वेच्या हजेरीपटावर असलेल्या कामगाराचा पगार थांबला नाही. महागाईभत्त्याची वाढ दीड वर्ष गोठवली गेली, तो अन्याय खराच. पण घरात पगार येत राहिला. त्याच फलाटावरील परवानाधारक हमालाला पगार नव्हता. टॉकीजबाहेरच्या गाडीवाल्याला नव्हता. फडातील ढोलकीवाल्याला, नाचणारणीला, सोंगाड्याला नव्हता. हा भेद कष्टांचा नव्हे. रात्रभर उभ्याने नाचणारी बाई इंजिन हाकणाऱ्यापेक्षा कमी श्रम करीत नाही. भेद आहे तो संघटनेचा आणि कायद्याचा. रेल्वे कामगाराची वेतनश्रेणी, त्याची रजा, त्याचे निवृत्तिवेतन ही कोणाच्या उदारपणाची देणगी नाही. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची कामगार चळवळ आहे आणि मे १९७४ च्या देशव्यापी संपात तुरुंगात गेलेल्या, नोकरीवरून काढल्या गेलेल्या माणसांची किंमत आहे.

फडाची घडी पाहिली म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. कलावंत हंगामाच्या आरंभी मालकाकडून उचल घेतो आणि ती नाचून फेडतो. मालक गाड्या, तंबू, दिवे यांसाठी सावकाराकडून कर्ज काढतो आणि ते सुपाऱ्यांवर फेडतो. हंगाम बुडाला की उचल कलावंताच्या डोक्यावर राहते आणि व्याज मालकाच्या. ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली ती मुख्यतः कोल्हाटी, मातंग, महार अशा जमातींनी. त्यांच्याजवळ पडक्या वर्षासाठी जमीन नव्हती, शिल्लक नव्हती. म्हणून २०२० मध्ये कलावंत शेतमजुरीला गेले, कोणी भाजी विकली.

दुसरा पाडवा १३ एप्रिल २०२१ ला आला. त्याच संध्याकाळी राज्यात पुन्हा कडक निर्बंध जाहीर झाले. त्याच दिवसांत हरिद्वारला कुंभमेळा भरत होता आणि बंगालमध्ये निवडणुकीच्या सभा होत होत्या. गावच्या जत्रेला जो नियम लागला, तो सत्तेच्या जत्रेला लागला नाही. त्या वर्षी २५ मे रोजी कांताबाई सातारकर गेल्या. तमाशाचा मोठा फड उभा करणारी ही बाई गेली तेव्हा महाराष्ट्रात एकही तंबू उभा नव्हता.

२०२१ च्या उत्तरार्धात राज्य शासनाने सुमारे ५६ हजार कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपयांचे एकरकमी साहाय्य देण्याचे ठरविले. दोन बुडालेल्या हंगामांवर ते वाटून पाहावे. महिन्याला चारशे रुपयेही पडत नाहीत. रकमेपेक्षाही शोचनीय गोष्ट ही की, ते साहाय्य होते, हक्क नव्हता.

हक्क कसा निर्माण होतो, हे याच राज्याने एकदा दाखविले आहे. हमालाला एक मालक नसतो, रोज नवा व्यापारी असतो; म्हणून त्याला कामगार कायदे लागू होऊ शकत नाहीत, असे पूर्वी सांगितले जाई. १९६९ च्या माथाडी कायद्याने ते खोटे ठरविले. हमालाची आणि व्यापाऱ्याची दोघांची नोंदणी झाली, मंडळ स्थापन झाले, मजुरीबरोबर व्यापाऱ्याकडून लेव्ही वसूल होऊ लागली आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी व औषधपाणी मिळू लागले. तमाशा कलावंताचेही तसेच आहे. आज एक गाव, उद्या दुसरे. जत्रा समितीची सुपारी मंडळामार्फत जावी, तिच्यावर आणि तंबूच्या तिकिटावर ठरावीक लेव्ही बसावी, शासनाने तितकीच भर घालावी, आणि उचलीची नोंद लेखी असावी. यात अशक्य असे काही नाही.

तिसरा पाडवा २ एप्रिल २०२२ ला उजाडला आणि त्या दिवसापासून राज्यातील निर्बंध उठले. जत्रा पुन्हा भरल्या, ढोलकी पुन्हा वाजली, आणि लोक गेल्या दोन वर्षांचे विसरले. कर्ज मात्र विसरले नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने तमाशाच्या बाजातून समाजवादाचा विचार खेड्यापाड्यांत नेला. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके त्याच पथकांतून पुढे आले. ज्या कलेचे एवढे ऋण आहे, तिच्या कष्टकऱ्यांची नावे आपल्या तालुक्यात कोणाजवळ लिहिलेली आहेत काय? नसतील तर कार्यकर्त्यांनी येत्या हंगामात तंबूत पुढच्या रांगेत बसण्याआधी तंबूच्या मागच्या बाजूला जावे, वही उघडावी आणि नोंदणीला आरंभ करावा. पुढची साथ किंवा पुढचा दुष्काळ यांना पंचांग विचारावे लागत नाही.