उशीर म्हणजे अभय नव्हे

ईस्टरच्या रविवारी नटूनथटून फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर मिरवण्याची न्यूयॉर्क शहरात जुनी चाल आहे. १९२९ साली त्या मिरवणुकीत काही तरुण स्त्रियांनी सर्वांच्या देखत सिगारेटी पेटविल्या. स्त्रीने चारचौघांत धूम्रपान करणे तेव्हा तेथेही अशिष्ट मानले जाई. साहजिकच वर्तमानपत्रांतून या घटनेचा मोठा गवगवा झाला. त्या सिगारेटींना नावही भारदस्त दिले गेले होते: स्वातंत्र्याच्या मशाली! परंतु त्या मशालींमागे स्त्रीमुक्तीची तळमळ नव्हती. एडवर्ड बर्नेज नावाच्या प्रसिद्धितज्ज्ञाने अमेरिकन टोबॅको कंपनीचा खप वाढावा म्हणून योजलेला तो देखावा होता. पुढील दोन-तीन दशकांत पाश्चात्त्य देशांतील लक्षावधी स्त्रियांच्या हाती सिगारेट आली.

तिचे मोल त्यांना लगेच द्यावे लागले नाही, आणि येथेच घात झाला. सिगारेटच्या धुरातील विषारी द्रव्ये फुप्फुसातील पेशींच्या आनुवंशिक घटकांवर आघात करीत राहतात. असे अनेक आघात साचल्यावर एखादी पेशी बेबंद वाढू लागते. या साऱ्याला बहुधा वीस-तीस वर्षे लागतात. पहिला झुरका विशीतला असला, तरी त्याचा जाब पन्नाशी-साठीत विचारला जातो.

१९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या इंग्रज संशोधकांनी लंडनच्या रुग्णालयांतील रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत फुप्फुसाचा कर्करोग झालेले पुरुष होते ६४९ आणि स्त्रिया अवघ्या ६०. त्या पुरुषांपैकी धूम्रपान न करणारे केवळ दोन निघाले. स्त्रियांत मात्र असे १९ जण होते. हे आकडे वरवर पाहणाऱ्यास असे वाटावे, की निसर्गाने स्त्रीला काही कवचच दिले आहे. वस्तुस्थिती निराळी होती. स्त्रियांनी सिगारेट पुरुषांच्या मागाहून उचलली होती, म्हणून रोगही मागाहून यावयाचा होता. १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलचा जो अहवाल निघाला, त्यानेही पुरुषांविषयी ठाम निष्कर्ष काढला. स्त्रियांविषयीचा पुरावा कमी असला तरी तो त्याच दिशेने जातो, एवढेच म्हटले.

पुरावा जमावयास फार वेळ लागला नाही. १९८७ साली अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू पावणाऱ्या स्त्रियांची संख्या स्तनाच्या कर्करोगाच्या बळींहून अधिक झाली. ज्याला पुरुषांचा रोग म्हणत, तो स्त्रियांचाही काळ ठरला.

तरीही या कहाणीला दुसरी बाजू आहे. ब्रिटनमधील सुमारे बारा लाख स्त्रियांचा वृत्तान्त वर्षानुवर्षे नोंदवून २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. धूम्रपान न सोडणाऱ्या स्त्रियांचे आयुष्य सरासरी किमान दहा वर्षांनी घटते, असे त्यात आढळले. त्याचबरोबर, चाळिशीपूर्वी सिगारेट कायमची सोडणारी स्त्री त्या वाढीव धोक्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग टाळते, असेही दिसून आले. काळ जसा दंड करतो, तसा तो वेळेवर सावध होणाऱ्यास सूटही देतो.

भारतात २०१६-१७ च्या पाहणीत धूम्रपान करणाऱ्या प्रौढ स्त्रियांचे प्रमाण सुमारे दोन टक्के भरले, पुरुषांचे एकोणीस. हा आकडा समाधानाचा खरा. परंतु लंडनच्या त्या साठ स्त्रियांचे स्मरण ठेवूनच तो वाचला पाहिजे. आणखी एक गोष्ट आहे. १९८१ साली ताकेशी हिरायामा या जपानी संशोधकाने दाखवून दिले, की स्वतः कधीही सिगारेट न ओढलेल्या, पण धूम्रपानी पतीच्या सहवासात राहणाऱ्या स्त्रियांनाही या रोगाचा धोका अधिक असतो. घरातील एका माणसाने सोडलेला धूर साऱ्या घराच्या श्वासात मिसळतो.

म्हणूनच स्त्रीच्या ओठी सिगारेट नाही, एवढ्याने घर निर्धास्त होत नाही. जो उंबऱ्याआत विडी वा सिगारेट पेटवितो, त्याने ती कोणाच्या आयुष्यातून पेटविली जात आहे, याचा विचार करावा. आणि जिच्या हाती ती नव्याने आधुनिकतेचे चिन्ह म्हणून दिली जात आहे, त्या तरुणीने एवढेच विचारावे: ही मशाल कोणी पेटविली, आणि तिच्यात जळणार कोण?