उष्णतेला वाट

आगाशीच्या सुकेळ्यांची कीर्ति दूरवर पसरलेली आहे. राजेळी केळीं वाळवावयाचीं तर नुसतें ऊन असून भागत नाहीं. सुटणारा ओलावा वाहून नेण्यास वारा खेळता लागतो. हाच नियम आज त्या गांवांतील तरुणाच्या संगणकासही लागू पडतो. फरक इतकाच कीं, तेथें ओलाव्याऐवजीं उष्णता बाहेर काढावयाची असते.

समजा, आगाशींतील एका घरीं थोरल्या भावानें पहिल्या पगारांतून धाकट्यासाठीं खेळाचा जुना संगणक आणला. पडद्यावरील चित्रें घडविणारीं दोन ग्राफिक्स कार्डें त्यांत बसविलेलीं आहेत. वैशाखांतील दुपारीं खिडक्या लावून खेळ सुरू होतो. अर्ध्या तासांत आंतील पंखे घोंघावूं लागतात, चित्र अडखळतें आणि अखेर यंत्र आपोआप बंद पडतें. 'पैसे पाण्यांत गेले,' असें वडील म्हणतात. थोरला भाऊ निमूट राहतो. परंतु बहुधा यंत्र बिघडलेलें नसतें. त्याचा श्वास कोंडलेला असतो.

दोन कार्डांस एकाच कामाला जुंपण्याची युक्ति १९९८ सालीं 'व्हूडू-२' या कार्डानें खेळणाऱ्यांच्या घरांत आणली. २००४ सालीं एनव्हिडिया कंपनीनें तिला नवें रूप दिलें. मात्र त्याच कंपनीच्या २०२२ सालच्या 'आरटीएक्स ४०९०' या कार्डावर अशा जोडणीची सोयच उरली नाहीं.

आतां उष्णतेचा हिशेब पाहावा. २०१७ सालचें 'जीटीएक्स १०८० टीआय' हें एक कार्ड भर कामांत २५० वॉट वीज घेतें. दोहोंचे ५०० वॉट झाले, म्हणजे १०० वॉटचे ५ दिवे एका पेटींत लावल्यासारखें झालें. ही जवळजवळ सर्व वीज शेवटीं उष्णताच होते. या कार्डाला ९१ अंश सेल्सिअसपलीकडे जाण्याची मुभा नाहीं. म्हणून तापमान चढूं लागलें कीं तें आपली गति आपणच आवरतें.

दोन्ही कार्डें एकमेकांवर लागून बसविलेलीं असल्यास वरच्याचे पंखे अरुंद फटींतून, खालच्याच्या तापलेल्या पाठीवरची हवा ओढतात. सबब वरचें कार्ड अधिक तापतें. यासाठीं जागा असेल तर दोहोंत एक खांचा मोकळा सोडावा. थंड हवा पुढून शिरावी, गरम हवा मागून व वरून निघावी, अशा रीतीनें पेटीचे पंखे लावावेत. पेटी भिंतीस टेकवूं नये. पंख्यांवरील व जाळ्यांवरील धूळ वेळच्या वेळीं झाडावी. अर्नाळ्याचा समुद्र जवळ असल्यामुळें येथील हवेंत खार व दमटपणाही असतो. विजेची मर्यादा ८० टक्क्यांवर आणली, तर दोन कार्डांची मिळून १०० वॉट उष्णता वांचते आणि वेग त्या मानानें पुष्कळच कमी घटतो. शिवाय बहुतेक नवे खेळ दुसऱ्या कार्डाचा उपयोगच करीत नाहींत. तेव्हां तें खुशाल काढून ठेवावें.

इतकें करूनही एक मेख उरते. पंखा उष्णता नाहींशी करीत नाहीं, फक्त ती हलवितो. पेटींतून निघालेली उष्णता बंद खोलींत सांचली, तर तीच हवा यंत्र पुन्हा ओढतें. आणि खोलींतील हवेहून थंड होणें पंख्यावर चालणाऱ्या यंत्राला शक्यच नाहीं. जुन्या कौलारू घरांत कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. सिमेंटच्या छताखालीं ती वाट राहिली नाहीं. तेथें समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्या लागतात आणि जड खेळ संध्याकाळच्या गारव्यासाठीं राखून ठेवावे लागतात.

अशा घरांत आधीं खिडकी उघडून पाहावी, मग जाळी झाडावी, मग एक कार्ड काढावें. तिन्ही उपायांस एक पैही पडत नाहीं. यंत्र सुरळीत चालूं लागलें, तर थोरल्या भावाचा पहिला पगार पाण्यांत गेला नाहीं, हें वडिलांस निराळें सांगावें लागणार नाहीं.