अंगावरची गांठ लपवूं नका

(पैठण तालुक्यांतील एका खेड्यांत, पोळ्याच्या आधींच्या आठवड्यांत, मारुतीच्या पारावर शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



पोळा तोंडावर आला. बैलाचीं शिंगें रंगवाल, त्याआधीं त्याच्या मानेवरून, पोटावरून, पायांवरून हात फिरवा. हाताला सुपारीएवढी टणक गांठ लागली तर पुढें काय करावयाचें, तेंच सांगावयास मी उभा आहें. मी शाळामास्तर, गुरांचा डॉक्टर नव्हे. पण घरचा बैल बसला कीं पहिलें पोरगें शाळेंतून उठतें, हें मी हजेरीपटावर पाहतों. म्हणून हें काम माझेंही आहे.

या रोगाला लंपी म्हणतात. आपल्या देशांत तो २०१९ सालीं ओडिशांत प्रथम दिसला, २०२० सालीं गडचिरोलीकडून महाराष्ट्रांत शिरला, आणि ऑगस्ट २०२२ मध्यें जळगांव जिल्ह्यांत रावेरकडे उठला तो राज्यभर पसरला. त्या सप्टेंबरांत सरकारास गुरांचे बाजार बंद करावे लागले. पाचोडच्या, लासूरच्या बाजारावर नुसते बैलवालेच जगतात काय? कासरे-दावीं वळणारा, घुंगरमाळा विकणारा, नाल ठोकणारा, चाबूक करणारा, सगळ्यांची चूल त्याच बाजारावर पेटते. एका गोठ्यांतला रोग असा सगळ्या आलुतेदारांच्या ताटांत उतरतो.

हा रोग विषाणूचा आहे. शेळ्यामेंढ्यांना देवी येतात, त्या देवीच्या विषाणूचा हा जवळचा भाऊबंद. म्हणूनच शेळीच्या देवीची लस गायबैलाला टोंचून २०२२ सालीं साथ आवरली गेली. कोणी म्हणेल हा मरीआईचा कोप. कोप असता तर लस टोंचलेल्या गोठ्याकडे बघून तो मागें फिरला असता काय? तो पसरतो डासांनीं, चावऱ्या माशांनीं, गोचिडांनीं, आजारी जनावर गांवोगांव फिरविल्यानें, आणि एकाच सुईनें दहा जनावरें टोंचल्यानें. मोटारसायकलवर पेटी बांधून गोठेंगोठे हिंडणाऱ्या सुईवाल्यास आधीं विचारा, सुई नवी आहे काय? त्याचें महागडें इंजेक्शन विषाणूला मारीत नाहीं; जखमेंत पू होऊं नये इतकाच त्याचा उपयोग. माणसाला मात्र हा रोग होत नाहीं, तेव्हां पोरांना गोठ्यांतून हांकलूं नका.

आतां मुख्य मुद्दा. अंगावर उठलेली प्रत्येक गांठ लंपीचीच असते असें नाहीं. किडा चावला, पित्त उठलें, तरी गांधी येतात. त्या बहुधा दिवस दोन दिवसांत बसतात. लंपींत आधीं सणसणून ताप, डोळ्यानाकांतून पाणी, मग गांठी, पायाला सूज, दूध तुटतें. तरीही डोळ्यानें खात्री होत नाहीं. डॉक्टर गांठीची खपली, नाकांतला स्राव व रक्त घेतात आणि बर्फांत घालून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे किंवा भोपाळच्या पशुरोग संस्थेकडे तपासणीस धाडतात. गांवांतलीं पहिलीं एकदोन जनावरें तपासलीं कीं पुरे. नंतरचीं लक्षणांवरून ओळखतां येतात. पण त्या पहिल्या एकदोन खपल्यांवर सारें अवलंबून असतें. रोग नक्की ठरला कीं भोंवतालच्या पांच किलोमीटरांतल्या निरोगी जनावरांना लस टोंचण्याचें काम हातीं घेतात. लस अंगीं लागावयास सुमारें तीन आठवडे जातात. तुम्हीं आठ दिवस गांठ झांकून ठेवलीत तर ते आठ दिवस माशीनें घेतले आणि शेजारच्या गांवानें गमावले.

लपविण्याचें कारण मला ठाऊक आहे. बोभाटा झाला तर बैलाला गिऱ्हाईक मिळत नाहीं, डेअरी दूध नाकारील अशी धास्ती. पण हिशेब मांडा. २०२२ सालीं लंपीनें मेलेल्या दुधाळ गायीस ३०,०००, बैलास २५,००० आणि वासरास १६,००० रुपये सरकारनें ठरविले. ते पंचनाम्यावर. ज्यानें रोग कळविलाच नाहीं, रातोरात ओढ्यांत मढें लोटलें, त्यानें पंचनामा कशाचा दाखवावा? शिवाय २००९ च्या कायद्यानें साथीचा रोग कळविणें मालकावर बंधनकारकच आहे.

आपल्या पणज्यांनीं बुळकांडी पाहिली. दावणीच्या दावणी एका पंधरवड्यांत रिकाम्या करणारा तो रोग. तोही विषाणूचाच. गुरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा १८८९ सालीं पुण्यांतच निघाली होती. १९५४ पासून देशभर लस टोंचण्याची मोहीम चालली, पुढें गांवोगांव शोध व रक्ततपासणी झाली, १९९५ नंतर देशांत तो दिसला नाहीं, २००६ मध्यें भारत व २०११ मध्यें सारें जग त्यापासून मुक्त ठरलें. म्हणजे जमतें.

तेव्हां गांठ दिसली कीं जनावर वेगळें बांधा, त्याचा चारापाणी वेगळा, त्याला हात लावणारा माणूसही एकच. सायंकाळीं कडुनिंबाचा धूर करा, शेणाचे ढीग गोठ्यापासून लांब न्या. बाजारांतून आणलेलें नवें जनावर चार आठवडे दावणीला लावूं नका. मेलेलें खोल खड्ड्यांत चुन्यासह पुरा. कळवावयाचें तालुक्याच्या दवाखान्यांत किंवा १९६२ या नंबरावर.

उद्यां शनिवार, शाळा सकाळची. दुपारीं मी वही घेऊन बसेन. ज्यांच्या जनावराच्या कानांत बारा आंकडी बिल्ला नाहीं, किंवा यंदा लस झाली नाहीं, त्यांनीं नांव लिहवून जावें. आयाबायांनींही यावें, कोणत्या गायीला कधीं ताप होता हें गड्यांपेक्षां त्यांनाच जास्त ठाऊक असतें. सोमवारीं ती यादी डॉक्टरांकडे पोंचेल.