‘हे बघ’ आणि ‘आपण’
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘नव्या तंत्रज्ञानावर बोल’ असा संयोजकांचा आग्रह होता. त्या निमित्ताने मी आपल्या बोलण्याबद्दलच बोलतो.

१८७६ मध्ये टेलिफोन आला आणि माणसे एकमेकांना न पाहता बोलू लागली. मान डोलावून भागेना. ‘हं’, ‘बरं’ तोंडाने म्हणावे लागले. सुरुवात ‘कोण बोलतंय?’ने होऊ लागली. मोबाइलने प्रश्न बदलला : ‘कुठे आहेस?’ व्हिडिओ कॉलमुळे नवा आला : ‘दिसतंय का?’

आता मिक्स्ड रिॲलिटीचे, म्हणजे मिश्र वास्तवाचे चष्मे आले आहेत. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २०१६ मध्ये आला, ॲपलचा व्हिजन प्रो २०२४ मध्ये. त्यांतून आपली खोली दिसते आणि तिच्यातच संगणकाने उभी केलेली वस्तूही दिसते.

‘हे’, ‘ते’, ‘इथे’, ‘तिथे’ हे शब्द आपण शाळेत यायच्या आधीच शिकलो. दोघांना एकच वस्तू दिसते, म्हणून ते चालतात. शेजारी बसलेल्या दोघांच्या चष्म्यांत वेगवेगळी चित्रे असली, तर ‘हे बघ’ म्हणून बोट दाखवून उपयोग काय? उलट, पुण्यातली आजी आणि न्यू जर्सीतला नातू यांच्यापुढे एकच तुळशीवृंदावन उभे राहिले, तर ‘इथे’चा अर्थ दोघांना एकच होईल.

२०२२ मध्ये गूगलने एक नमुना दाखवला : समोरच्याच्या बोलण्याचे भाषांतर डोळ्यांपुढे अक्षरांत उमटवणारा चष्मा. मराठीसाठी असा चष्मा आला, तर नातवाला आजीचे बोलणे कळेल. हे थोडे नव्हे. आपल्यापैकी काहींच्या घरी आज तेवढेही होत नाही.

पण मराठीत ‘आम्ही’ वेगळे आणि ‘आपण’ वेगळे. ‘आपण’मध्ये ऐकणाराही येतो. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘वुई’. आजी म्हणेल, ‘आपण गावाला जाऊ.’ चष्म्यात ‘वुई’ उमटेल. आजीने आपल्यालाही त्यात धरले आहे, हे नातवाला त्या एका शब्दावरून कळणार नाही.

म्हणून विनंती एवढीच : चष्मा जरूर घ्या. मात्र नातवंडांना ‘आपण’ हा शब्द आपल्याच तोंडून ऐकू द्या.