अरबी अक्षरे कंठापासून शिकावीत

(सुरतेतील मराठी रहिवाशांच्या वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

अरबी वर्णमालेत २८ अक्षरे आहेत, ती उजवीकडून डावीकडे लिहिली जातात आणि शब्दातील जागेनुसार त्यांचे आकार बदलतात, एवढी माहिती कोणत्याही प्राथमिक पुस्तकाच्या पहिल्या पानावर मिळते. नवशिका तेथूनच सुरुवात करतो, अलिफ, बा, ता गिरवतो, प्रत्येक अक्षराखाली देवनागरीत उच्चार लिहून ठेवतो आणि महिन्याभरात अक्षरओळख झाली असे समजतो. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे की हा क्रम उलटा आहे. मराठी माणसाने अरबी अक्षरे आधी कंठाने, जिभेने व कानाने शिकावीत, आकार मागाहून गिरवावेत आणि देवनागरी लिप्यंतराला, म्हणजे परभाषेतील ध्वनी आपल्या अक्षरांत उतरवण्याच्या सोयीला, पहिल्या दिवसापासून थारा देऊ नये.

सुरतेचे बंदर, येथून निघणारी मक्केच्या यात्रेकरूंची जहाजे आणि १६६४ व १६७० च्या स्वाऱ्या हा इतिहास येथील मराठी श्रोत्यांना तोंडपाठ असल्याने त्याची उजळणी अनावश्यक आहे. ध्यानात घ्यायचे ते एवढेच की या शहरात अरबी ही दूरदेशीची भाषा नाही. झांपा बजारात दाऊदी बोहरा समाजाची अल-जामिया-तुस-सैफिया ही विद्यासंस्था १८१४ पासून अरबीचे अध्यापन करीत आहे. तापीपलीकडील रांदेरच्या मदरशांतही ती शिकवली जाते. आणि बोहरा कुटुंबांची लिसान-उद-दावत ही भाषा मुळात गुजराती असूनही अरबी लिपीत लिहिली जाते. उधना-लिंबायतच्या मराठी वस्तीपासून ही ठिकाणे दूर नाहीत, तरीही तेथील अक्षरे आपल्याला चित्रांसारखी मुकी वाटतात.

लिप्यंतराने नेमके काय बिघडते, हे अक्षरांच्या नावांवरूनच दिसते. देवनागरीत ही नावे लिहू लागले की 'हा' दोनदा येतो, 'ता' दोनदा येतो आणि 'काफ'ही दोनदा येतो. एक 'हा' कंठाच्या तळातून निघणारा आपल्या ओळखीचा, तर दुसरा कंठाच्या मध्यभागी, घसा आवळून सोडलेल्या श्वासाचा. एक 'काफ' आपल्या 'क'सारखा, तर दुसरा जिभेचे मूळ पडजिभेपाशी टेकवून काढलेला. त्या दुसऱ्याने उच्चारलेला 'कल्ब' म्हणजे हृदय आणि पहिल्याने उच्चारलेला 'कल्ब' म्हणजे कुत्रा. त्याचप्रमाणे 'सीन'ने सुरू होणारा 'सैफ' म्हणजे तलवार, तर 'साद'ने सुरू होणारा 'सैफ' म्हणजे उन्हाळा. देवनागरीत लिहून घेतलेल्या वहीत या दोन्ही जोड्या एकसारख्या दिसतात, आणि जो भेद वहीत उरला नाही तो तोंडात कोठून येणार?

या गोंधळाचे कारण जुने आहे. मराठीत आलेले अरबी शब्द बहुतांशी फारशीच्या वाटेने आले, आणि फारशीने अरबीचे शब्दलेखन जपले तरी उच्चार आपल्या वळणाचे केले. 'जातीने हजर राहणे' यातील 'जातीने', नाक्यावरची 'जकात', 'जप्त' आणि 'जाहीर' या चार शब्दांचा आरंभीचा ज अरबीत चार निरनिराळ्या अक्षरांनी लिहिला जातो: अनुक्रमे झाल, झाय, दाद आणि झा. झालसाठी जिभेचे टोक दातांमध्ये येते. झाय दातांच्या मुळाशी घुमतो. दाद आणि झा उच्चारताना जिभेचा मागचा भाग टाळूकडे उचलला जाऊन आवाज जड होतो. फारशीत या चौघांचा एकच ध्वनी झाला आणि तोच मराठीच्या पदरात पडला. कंठमध्यातून निघणारा ऐन तर आपल्याकडे 'अक्कल' आणि 'अर्ज' यांच्या अ-मध्ये विरून गेला आहे.

असे असले तरी मराठी विद्यार्थी रिकाम्या हाताने येत नाही. आपली वर्णमाला मुळातच उच्चारस्थानांच्या क्रमाने रचलेली आहे: कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ. शिक्षाग्रंथांनी, म्हणजे वेदपठणासाठी रचलेल्या उच्चारशास्त्राच्या ग्रंथांनी, जिह्वामूलीय नावाचा जो ध्वनी सांगितला, म्हणजे क-ख यांच्यापूर्वी विसर्गाचा होणारा घर्षणयुक्त उच्चार, तो अरबी 'खा'चा निकटचा आप्त आहे. शिवाय मराठी मूल 'चहा'तील च आणि 'चंद्र'तील च, 'जोर'मधील ज आणि 'जीवन'मधील ज यांत कधी गल्लत करीत नाही, जरी लिपी दोन्हींना एकच अक्षर देते. कारण ते भेद त्याने पाटीवर पाहिलेले नसून घरात ऐकलेले असतात. 'जोर'चा ज येतो त्याला झाय अर्धा आलेलाच असतो. सुरती बोलीत तर 'सुरत'चे 'हुरत' होते, म्हणजे दातांपाशी निघणारा ध्वनी थेट कंठात जाऊन बसतो. तेव्हा उच्चारस्थान म्हणजे काय हे समजण्यासाठी या शहरात पुस्तक उघडण्याची गरज नाही, भाजीबाजारात फेरी मारली तरी पुरे. (हशा)

येथे खलील इब्न अहमद या बसऱ्याच्या वैयाकरणाविषयी थोडे विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे. आठव्या शतकातील या विद्वानाने अरबीच्या पहिल्या शब्दकोशाची, 'किताब-अल-ऐन'ची, योजना केली, तेव्हा त्याने अलिफ-बाचा रूढ क्रम बाजूला ठेवून अक्षरे कंठापासून ओठांकडे लावली. अलिफ अस्थिर आणि साधा 'हा' फार क्षीण म्हणून आरंभाचा मान ऐनला दिला आणि कोशाचे नावही त्यावरूनच पडले. प्रत्येक ध्वनीचे स्थान शोधण्याची त्याची रीत परंपरेने नोंदवून ठेवली आहे: आधी 'अ' म्हणून तोंड उघडायचे आणि मग तपासायचे अक्षर स्वराविना त्यावर थांबवायचे, जसे अब्, अत्, अख्. जीभ किंवा कंठ जेथे अडेल ते त्या अक्षराचे स्थान. (श्रोत्यांनी हा प्रयोग एकत्र करून पाहिला, हशा.) त्याचा शिष्य सीबवैह याने अशी १६ स्थाने मोजली, पुढे इब्न अल-जझरीच्या पाठपरंपरेत ती १७ मानली गेली आणि कुराणपठणाच्या तजवीद या शास्त्रात आजही मखारिज, म्हणजे निर्गमस्थाने, याच नावाने शिकवली जातात. कंठाकडून ओठांकडे जाणारा हा क्रम भारतातून गेला काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि तो वाद येथे सोडवायचा नाही. दोन थोर परंपरांनी ध्वनीचा शोध मुखातच घेतला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

सुरतेत गुजराती हवी, पोटासाठी इंग्रजी हवी, मग अरबीचा हा खटाटोप कशाला, असा प्रश्न सभागृहातून येणे स्वाभाविक आहे, आणि तो टाळणे योग्य नव्हे. अरबी ही कुराणाची भाषा आहे, तशीच ती लेबनॉन आणि इजिप्त येथील ख्रिस्ती लोकांचीही भाषा आहे, आणि १९७३ पासून ती संयुक्त राष्ट्रसंघाची अधिकृत भाषा आहे. आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्या तरुणाला ती उपयोगी पडते, हे तर उघडच आहे. परंतु उपयोग नसता तरी शेजाऱ्याची अक्षरे वाचता येणे हे सुसंस्कृत नागरिकाचे लक्षणच ठरले असते. राहिला लिप्यंतराचा मुद्दा: नुक्ते, म्हणजे अक्षराखालचे ठिपके, लावलेली देवनागरी चालेल, असे सुचवणाऱ्यांना उत्तर इतकेच की नुक्ता भेद दाखवतो, तो उच्चारून दाखवत नाही.

वेळ संपत आल्यामुळे लिपीचा भाग आटोपता घ्यावा लागत आहे. अलिफ, दाल, झाल, रा, झाय आणि वाव ही सहा अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत. बा, ता, सा, नून आणि या यांचा शब्दाच्या मध्यभागी एकच लहानसा दात उरतो आणि केवळ ठिपक्यांच्या संख्येने व जागेने ते ओळखायचे असतात. अ, इ, उ हे ऱ्हस्व स्वर फतहा, कसरा, दम्मा या चिन्हांनी दाखवतात, परंतु रोजच्या लेखनात ती गाळली जातात. आणि 'अल' या उपपदातील ल पुढील १४ अक्षरांत, म्हणजे सूर्याक्षरांत, मिसळून जातो, म्हणून अल् अधिक शम्स याचे अश्शम्स होते. तत् अधिक लीन याचे तल्लीन होते हे जो शाळेत शिकला, त्याला हा नियम पाठ करावा लागत नाही. ही सर्व सूर्याक्षरे जिभेच्या पुढच्या भागाने, ल-च्या शेजारी उच्चारली जातात, हे कळले की काम भागते. आकारांचा हा सगळा अभ्यास दोन-तीन आठवड्यांचा आहे. उच्चार मात्र एकदा चुकीचा बसला की वर्षानुवर्षे निघत नाही.

म्हणून ज्यांना अरबी शिकायची आहे त्यांना आग्रहाची विनंती अशी की पहिला पंधरवडा लेखणीला हात लावू नये. हमझा (कंठ क्षणभर अडवून सोडलेला ध्वनी), दोन्ही 'हा', ऐन, गैन आणि खा ही सहा कंठाक्षरे जाणत्या शिक्षकासमोर बसून मोठ्याने घोकावीत आणि ती त्याने मान्य केल्यावरच वही उघडावी. असे शिक्षक सुरतेत दोन शतकांपासून आहेत. त्यांच्याकडे जावे.