पोरांची भाषा, पोरांचं अंगण
(मुरुड येथील बैठकीत केलेलं भाषण)



आपण किनवट-माहूरकडून मुरुडला आलो ते जमिनीच्या दाव्यांसाठी. आज दाव्यासोबत पोरांचंही बोलू.

आपण मजुरीवरून दिवस मावळता येतो. अंगणवाडी दुपारीच बंद होते. मग धाकट्याला थोरली सांभाळते, तिची शाळा बुडते. अंगणवाडीत पोरगं 'एर' म्हणतं, तर त्याला पाणी पाहिजे हे कुणाला कळत नाही. चार दिवसांनी ते बोलायचंच सोडतं. लोक म्हणतात, पोर मुकं आहे. मुकं नाही, त्याचं ऐकणारं कुणी नाही.

ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत काम सुरू केलं, पुढं कोसबाडला वारल्यांच्या पाड्यांवर गेल्या. पोरं येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. न्यूझीलंडच्या माओरींनी 1982 साली 'भाषेचं घरटं' काढलं. पोरं दिवसभर तिथं, म्हातारी माणसं त्यांच्याशी माओरीच बोलणार, आईबाप कारभार बघणार.

आपण ग्रामसभेत ठराव घेऊ: अंगणवाडी मजुरीच्या वेळेपर्यंत चालावी, गोंडी-कोलामी बोलणारी बाई असावी. आणि रोज एक आजी नाहीतर आजोबा पोरांत बसावा. याला कुणाची मंजुरी लागत नाही, उद्यापासून करू.

वनहक्काच्या दाव्यात म्हाताऱ्यांचा जबाब पुरावा धरतात. ओढ्या-टेकड्यांची नावं त्यांच्याच भाषेत आहेत. ती पोरांना आली नाहीत, तर उद्या जबाब कोण देणार?

जोहार!